ऑस्ट्रेलियाहून आलेली चौकशी

छावणीच्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत माझं ऑफिस आहे. पाटीवर लिहिलंय, 'परदेशी मान्यतेसाठी कागदपत्रे तयार करून मिळतील'. पाटी वाचून लोक जिना चढून येतात आणि बसायच्या आधीच विचारतात, "मॅडम, कॅनडाला पाठवता का?" मी सांगते, मी कुणाला कुठंही पाठवत नाही. मी स्वतःच अजून कुठं गेलेली नाही. माझ्याकडे पासपोर्ट आहे, पण त्यावर एकही शिक्का नाही. यावर समोरचा माणूस जरा सावध होतो. स्वतःला पोहता न येणाऱ्या बाईकडे पोहायची शिकवणी लावल्यासारखं त्याला वाटत असावं.

आता वय झालं, ऑफिस अर्ध्या दिवसावर आणलंय. तरी माझं काम नक्की काय, हे माझ्या सख्ख्या भावालासुद्धा अजून नीट सांगता येत नाही. तो लोकांना सांगतो, "ताई व्हिसाचं बघते." व्हिसा फार पुढची गोष्ट. माझं काम त्याच्या कितीतरी आधीचं.

समजा तुम्ही इथं नर्सिंग शिकलात आणि पुढं एखाद्या दवाखान्यात काही वर्षं घासलीत. हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्या गल्लीला माहीत आहे. पण परदेशातल्या टेबलामागं बसलेल्या माणसानं तुमचं कॉलेज पाहिलेलं नाही आणि तुमचे डॉक्टरसाहेब तर नाहीच नाही. तुम्ही शिकलात ते त्यांच्याकडच्या शिक्षणाच्या तोडीचं आहे का, आणि तुम्ही जे काम करता त्याला त्यांच्याकडेही तेच काम म्हणतात का, एवढं त्याला ठरवायचं असतं. ते ठरलं की तुमच्या पदवीला आणि अनुभवाला मान्यता मिळाली. नाही ठरलं, तर इथला इंजिनिअर तिथं गोदामात खोकी उचलतो. हे ठरवायला लागणारे कागद गोळा करणं, ते खरे आहेत याची खात्री करणं आणि परक्या माणसाला समजेल असे ते लावून देणं, हा माझा धंदा.

यात काय काय निस्तरावं लागतं, ते सांगून पटणार नाही. आमच्या शहराचं नाव बदललं, तेव्हा माझ्याकडच्या निम्म्या लोकांच्या पदव्या औरंगाबादच्या आणि पासपोर्ट छत्रपती संभाजीनगरचे झाले. तिकडून पत्रं येऊ लागली, की अर्जदार एका शहरात राहून दुसऱ्या शहरात रोज कॉलेजला कसा जात होता, याचा खुलासा करावा. खुलासा करून करून माझी बोटं झिजली.

गंगापूरकडच्या एका सूनबाईची गोष्ट तर मी अजून पाहुण्यांना सांगते. ती नर्स. तिची गुणपत्रकं विद्यापीठानं मोहोरबंद पाकिटात घालून दिली. असं पाकीट जसंच्या तसं परदेशी पोचावं लागतं, वाटेत उघडलं की बाद. मी तिला दहादा बजावलं. ती बिचारी ते छातीशी धरून घरी गेली. सासूबाईंनी पाकीट देवापुढं ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं, आणि मग देवाला कळायला नको का आत काय आहे, म्हणून विळीनं कडेनं फोडलं. वर मला निरोप पाठवला, की सगळे कागद नीट आहेत, काळजी करू नका. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पण मला त्या सासूचा राग आला नाही. सुनेच्या मार्कांना देवापुढं ठेवणारी सासू मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आपल्याकडे प्रत्येकाला कागदावर एक पायरी वर चढायचं असतं. वायरमन म्हणतो, मला इलेक्ट्रिकल इंजिनिअर लिहा. आचारी म्हणतो, हॉटेल मॅनेजर लिहा. मी घसा फोडून सांगते, बाबांनो, तुम्ही किती मोठे आहात हे त्यांना नको आहे, तुम्ही हातानं काय करता ते हवंय. त्यांच्याकडे वायरमनला मागणी आहे आणि मॅनेजर त्यांचे त्यांना जास्त झालेत. पण पटत नाही. मीही बौद्ध घरातली. माझे वडील इथल्याच बराकींमध्ये साफसफाईच्या कामाला होते आणि मी पेनाशिवाय दुसरं काही हातात धरू नये यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. त्यामुळं हात काळे होण्याची लाज कुठून येते, हे मला दुसऱ्यानं समजावून सांगायला नको. तरीही राग येतो.

दत्ता कोकरेला मात्र ही लाज नव्हती. म्हणूनच तो जिना चढून आला, तेव्हा मला पहिल्या भेटीतच आवडला.

दत्ता देवगाव रंगारीचा. घरची मेंढरं. वडील अजूनही मेंढरांमागं हिंडतात. दत्तानं आयटीआयमध्ये मशिनिस्टचा कोर्स केला आणि पास झाला तसा आमच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत गफूरचाचांच्या वर्कशॉपमध्ये लागला. लेथ मशीनवर लोखंड कातून शाफ्ट, बुश, गियर असले भाग तयार करायचं ते दुकान. कुठल्या पंपाचा, कुठल्या मळणीयंत्राचा एखादा भाग तुटला आणि कंपनीकडं तो मिळेनासा झाला, की आख्खा तालुका गफूरचाचांकडं येतो. 'उस्तादच्या हातचं काम' असा त्यांचा बोलबाला. दत्ताचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शाळेत जाऊ लागली, पण दत्तानं दुसरी नोकरी धरली नाही.

त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीतून ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावात त्याच्यासाठी काम निघालं. शेतीची यंत्रं दुरुस्त करणारं वर्कशॉप होतं. तिथल्या मालकानं दत्ताच्या कामाचे फोटो पाहिले आणि कळवलं, कापणीचा हंगाम सुरू होईपर्यंत जागा ठेवतो, तोवर तुझ्या अनुभवाला मान्यता आण.

"तुला खरंच जायचंय का?" मी विचारलं. मी सगळ्यांना विचारते. बऱ्याच जणांना खरं म्हणजे जायचं नसतं, बायकोला सांगायचं असतं.

"व्हय मॅडम. पोरीसाठी तर जायचंच हाय. पण आजून एक हाय. इतकी वर्सं काम केलं. मला काम येतं, आसं कुठंच लिवलेलं नाय. एकदा कुणी तरी लिवून द्यावं."

मी कामाला लागले. दत्ता रोज हातानं काय काय करतो, ते त्याला बोलतं करून उतरवून घेतलं. मोजमाप कसं घेतो, कुठल्या मशीनवर काय कातो, बिघडलं तर काय करतो. चाचांच्या मुलीनं ते बापाला वाचून दाखवलं, चाचांनी सही केली, शिक्का मारला. मी त्यांना एवढंच सांगितलं, की मान्यता देणाऱ्या ऑफिसातून दुभाष्याला घेऊन फोन येईल, दत्ताबद्दल विचारतील. काय बोलायचं ते मात्र सांगितलं नाही. मालकाला पढवायचं नाही, हा माझा नियम आहे. पढवलेलं उत्तर फोनवरसुद्धा ओळखू येतं, आणि मुख्य म्हणजे ते खोटं असतं.

एके दिवशी चाचा स्वतः जिना चढून माझ्या ऑफिसात आले. पांढरी दाढी, खिशात घातलेले दोन्ही हात आणि चेहऱ्यावर ईदेचा आनंद.

"मॅडम, काम हो गया समझो. उधर से फोन आया था."

"काय बोललात, चाचा?"

"क्या बोलता मैं? तारीफ किया. ऐसा लडका लाखों में नहीं मिलता, बोलके बोला. वो लोगां एकदम चुप हो गए."

ते चुप का झाले, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. पण मला हसू आलं आणि मी त्यांना चहा मागवला.

निकाल आला तो नकाराचा. कारण एकाच ओळीत दिलेलं होतं. मालकांच्या सांगण्यानुसार अर्जदार यंत्रावर स्वतः काम करत नाही, इतरांच्या कामावर देखरेख ठेवतो, तेव्हा मशिनिस्ट म्हणून त्याच्या अनुभवाला मान्यता देता येत नाही. फेरतपासणी मागायची मुभा होती. तिची मुदत हुकली असती, तर पुन्हा अर्ज होईपर्यंत कापणीचा हंगाम सुरू झाला असता आणि ती जागा गेली असती.

मी दत्ताला बोलावून समोर बसवलं आणि वाचून दाखवलं. त्याच्या नखांच्या कडा काळ्याच होत्या, त्या कधीच जात नाहीत. तो हातांकडं बघत राहिला.

"मॅडम, चाचा आसं कामून बोलले आसतील?"

"तेच विचारायला आपण जाऊ."

"नका विचारू. लई लागंल त्येंला."

"दत्ता, नाही विचारलं तर तुझं जाणं संपलं."

"संपू द्या."

मला राग आवरला नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्या या चांगुलपणाचं लोणचं घाल आणि बस. मग त्याला तिथंच सोडून मी एकटी मागच्या गल्लीत गेले.

चाचा दुकानात एकटेच होते. मी फोनबद्दल विचारल्याबरोबर खुलले. ते सगळं बोलणं त्यांनी मला रंगवून सांगितलं.

"वो पूछे, दत्ता क्या करता? मैं बोला, सब करता, दुकान उसीच की है. वो पूछे, खुद मशीन चलाता क्या? मैं बोला, तौबा करो! वो कायकू हाथ काले करेगा? उसके हाथ के नीचे लोगां हैं. वो खाली आर्डर देता. खानदानी लडका है, सुपारी भी नहीं खाता."

"हाताखाली कुठले लोक, चाचा? दुकानात तुम्ही दोघंच."

"अरे मॅडम, चौकशी में थोडा ऊपर-नीचे चलता."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाचांच्या लेखी ती स्थळाची चौकशी होती. लांबून कुणी तरी मुलाबद्दल विचारतंय, मुलगा कसा आहे, घरचे कसे आहेत, काम काय करतो. अशा वेळी शेजाऱ्यानं काय बोलायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. माझ्या भावाच्या लग्नाच्या वेळी शेजारच्या काकांनी त्याला वीज कंपनीत साहेब करून टाकलं होतं, आणि तो खांबावर चढणारा लाइनमन होता. काकांना त्यात खोटं बोलल्यासारखं काही वाटलं नाही. मुलाचं भलं करायचं तर एवढं करावंच लागतं. चाचांनी स्वतःच्या मुलींची लग्नं अशाच चौकश्यांतून जमवली होती. आता त्याच मायेनं त्यांनी दत्ताला साहेब केलं होतं.

"चाचा, तुमच्या बोलण्यामुळं त्याला नकार आलाय."

त्यांना आधी कळलंच नाही. मी मराठीत आणि मग मोडक्या हिंदीत समजावून सांगितलं. त्यांना काम करणारा माणूस हवाय, काम करवून घेणारा नकोय. तुम्ही म्हणालात, तो मशीनला हात लावत नाही. म्हणून त्याचा आजवरचा अनुभव त्यांनी धरलाच नाही.

चाचा स्टुलावर बसले.

"मेरी वजह से?"

"हो."

"उसका बाप भेडां चराता, मॅडम. ये आया तब गल्लीवाले इसकू भेडवाला बोलके चिढाते थे. मैं सोचा, उधर तो साब बनके जाए." मग एकदम उठले. "लगाओ फोन. अभी बोलता मैं."

असा फोन लागत नाही, हे त्यांना पटवायला मला आणखी एक चहा लागला. मी फेरतपासणीचा अर्ज केला. त्यात विनंती केली, की अर्जदाराला मशीनवर काम करताना समोर बघा आणि मग मालकांना पुन्हा विचारा. ती विनंती मान्य झाली. आता सगळं त्या एका सकाळवर होतं. दत्ताची मला काळजी नव्हती. काळजी होती चाचांची. आदल्या दिवशी त्यांनी मला चारदा विचारलं, काय बोलू? माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, "ते मी सांगणार नाही. एवढंच लक्षात ठेवा, त्यांना दत्ताला मुलगी द्यायची नाहीये. त्यांना शाफ्ट करून घ्यायचाय."

ऑस्ट्रेलियाचं घड्याळ आपल्या पुढं, त्यामुळं बाजार उघडायच्या आतच फोन ठरला होता. मी मोबाइल तिपाईवर लावला. पडद्यावर काम तपासणारा, पांढऱ्या केसांचा, दांडग्या खांद्यांचा साहेब आला, आणि शेजारच्या चौकटीत हिंदी बोलणारी दुभाषी बाई. साहेबानं नमस्कारासाठी हात वर केला, तेव्हा त्याच्या एका बोटाचं वरचं पेर नव्हतं. दत्तानं ते माझ्या आधी पाहिलं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "ह्यो आपल्यातला हाय, मशीनवरचा." आणि त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला.

काम होतं एका पंपाच्या लांब, सडपातळ शाफ्टचं. गंगापूरच्या बापूरावांचा तो शाफ्ट. बापूराव म्हणजे दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, स्वतःच्या आणि आख्ख्या गावाच्या मोटारी घेऊन येणारे. दत्तानं सळई मशीनमध्ये धरली, मधोमध आधाराचं स्टेडी लावलं, आणि कातायला सुरुवात केली. मी इतकी वर्षं मशिनिस्टांचे कागद केले होते, पण जवळ उभं राहून ते काम कधी पाहिलं नव्हतं. लोखंडाची साल निघत होती, एकसारखी, न तुटता. दत्ता मध्येच थांबे, मायक्रोमीटर लावी, आकडा सांगे, पुन्हा हात चालू. साहेब प्रश्न विचारत होता, दत्ता नजर न उचलता उत्तरं देत होता.

मग साहेबानं सांगितलं, "ते मधलं स्टेडी काढून टाक. खोल काप घे. वेळ वाचेल."

मी दत्ताकडं पाहिलं. समोरचा साहेब आहे, तो सांगतोय ते करायचं, ही आपली सवय. दत्तानं मशीन बंद केलं.

"नाय साहेब," तो म्हणाला. "लांब जॉब हाय. मधला आधार काढला तर तो मधी लवतो, टूलपासून लांब पळतो. कडा बारीक व्हतात आन मधी पोट सुटतं. आसा शाफ्ट म्या देत नाय."

मी ते हिंदीत सांगितलं, दुभाषी बाईनं इंग्रजीत. साहेब हसला आणि त्यानं काही तरी लिहून घेतलं. त्याचा तो सापळा होता, हे मला तेव्हा कळलं. परक्या देशातली दोन माणसं, एकमेकांची भाषा न येणारी, पण एका शाफ्टवरून त्यांचं इतकं नीट जमलं, की आमच्या दोघी दुभाष्यांची गरज उगाचच वाटायला लागली. आयुष्यभर मी जे कागदावर पटवून द्यायला धडपडले, ते माझ्यासमोर नुसतं घडत होतं. मला फार बरं वाटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

शेवटी साहेब म्हणाला, आता मालकांशी बोलायचंय.

चाचा स्टुलावरून उठले. पण मोबाइलकडं आले नाहीत. आधी दाराशी गेले आणि शटर खाली ओढून घेतलं. गल्लीत कुणीही नव्हतं, तरी ओढलं. मग येऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहिले.

दुभाषी बाईनं विचारलं, मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत की हा यंत्राला हात लावत नाही. आज आम्ही वेगळं पाहिलं. यातलं खरं काय?

"पहले मैं झूठ बोला," चाचा म्हणाले.

"चाचा, ऱ्हाऊ द्या," दत्ता मागून म्हणाला. त्याचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"तू चुप बैठ." चाचांनी कुर्त्याच्या खिशातून उजवा हात काढला आणि मोबाइलपुढं धरला. हात थरथरत होता. म्हातारपणी सगळ्यांचेच थोडे कापतात तसा नव्हे, मनगटापासून बोटांपर्यंत, थांबता थांबेना.

"ये देखो साब. बहुत साल से ऐसा है. इस हाथ से चाय का कप नहीं पकडता मैं, तो मशीन क्या पकडूंगा? दुकान का हर काम ये करता. लोगां मेरा नाम लेते. गिऱ्हाईक आया तो मैं टूल हाथ में लेके खडा होता, वो गया तो ये काम करता. इसने आज तक किसीकू नहीं बोला. अपनी बीवीकू भी नहीं."

मी त्या दुकानात इतके चहा प्यायले होते. चाचांना कप उचलताना मी एकदाही पाहिलं नव्हतं, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दत्ता 'नका विचारू' का म्हणत होता, ते मला आत्ता उमगलं. चाचांना वाईट वाटेल एवढंच त्याला भय नव्हतं. बोलता बोलता हे उघडं पडेल, ही भीती होती. त्यापेक्षा त्यानं ऑस्ट्रेलिया सोडून द्यायचं ठरवलं होतं.

दुभाषी बाई सांगताना मध्येच अडखळली. साहेबानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यानं विचारलं, "याला हे काम कुणी शिकवलं?"

चाचांनी हात पुन्हा खिशात घातला. दत्तानं पुढं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ह्येंनीच."

"मग मला आणखी काही विचारायचं नाही," साहेब म्हणाला. फोन ठेवताना त्यानं चाचांना 'सर' म्हटलं.

मान्यता आली. दत्ता कोकरे, मशिनिस्ट. त्याच्या मोबाइलवर मी ते पाठवलं, तर त्याला छापील हवं होतं. मी चांगल्या जाड कागदावर छापून दिलं. तो कागद त्यानं वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली, पुन्हा वाचला.

या धंद्यात खंत नाही असं नाही. चांगली माणसं मी एकेक करून पलीकडं लावली. आमच्याकडची नर्स गेली की आमच्याच कुठल्या तरी वॉर्डातली खाट रिकामी पडते, हे मला कळतं. दत्ता गेल्यावर गफूरचाचांचं दुकान चालणार नाही, हे तर आम्हा तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही त्यावर बोलत नव्हतो. चाचांनी मला फक्त एकदा सांगितलं, "मॅडम, हाथ की बात बाजार में नक्को." मी शब्द दिला, आणि पाळला. आज इथं लिहिते आहे ते त्यांनीच मला मोकळं केलं म्हणून. ते असं घडलं.

निघायच्या आधीच्या आठवड्यात दत्तानं पेढे वाटले. मीही दुकानात होते. बापूराव आणखी एक शाफ्ट न्यायला आले. परीटघडीचे पांढरे कपडे आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. त्यांच्याबरोबर गावचे आणखी दोघं होते, बाहेर चहावाल्यापाशी बाजारातले चारपाच जण उभे होते. बापूरावांनी शाफ्ट हातात घेतला, उजेडात धरला, त्यावरून बोट फिरवलं.

"चाचा, काय हात हाय तुमचा! म्या तर सगळीकडं सांगत हिंडतो, गफूरचाचावानी काम पुण्यात बी व्हत नाय."

दत्ता पाठमोरा, मशीनवरून तेलाचं फडकं फिरवत होता. वळला नाही. असं ऐकायची त्याला सवय होती.

चाचा नेहमीसारखे हसले नाहीत. त्यांनी दोन्ही हात खिशातून काढले आणि गल्ल्यासमोरच्या फळीवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. फळीवरचे नटबोल्ट वाजायला लागले.

"बापूराव, ये हाथ का काम नहीं वो," चाचा मोठ्यानं म्हणाले. बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं. "इतने बरस जो जो तुम ले गए ना, वो सब उसका है. सब के सब दत्ताका."

बाहेर चहाचे ग्लास थांबले. बापूरावांनी चाचांच्या हातांकडं पाहिलं, मग दत्ताच्या पाठीकडं. दत्ताचं फडकं थांबलं. पण वळायला त्याला वेळ लागला.

बापूराव आत गेले आणि त्यांनी हात पुढं केला. दत्ताचे हात तेलानं माखलेले. अशा वेळी कारागीर करतो तसं त्यानं पंजा मागं घेऊन मनगट पुढं केलं. बापूरावांनी मनगट धरलं नाही. त्यांनी त्याचा तेलकट पंजाच दोन्ही हातांत घेतला.

"मिस्त्री," ते म्हणाले. या दुकानात आजवर दत्ताला कुणी मिस्त्री म्हटलेलं नव्हतं.

बापूरावांच्या पांढऱ्या बाहीला काळा डाग पडला. त्यांनी तो पाहिला, पण हात सोडला नाही.